हौसेचा हिशेब

भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत वाशिम जिल्हा कुठे भेटत नाही आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात हा खेळ मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर, पुण्याच्या छावणीत आणि संस्थानिकांच्या आवारात वाढला. वाशिम तेव्हा निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडातले एक जिल्ह्याचे ठिकाण होते, इंग्रजी दप्तरातले ‘बासिम’. १९०५ साली तो जिल्हाही मोडला, अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. अशा मुलखाने क्रिकेटला काय दिले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर सोपे वाटते: काही नाही.

मला हे उत्तर पटत नाही. खेळाडूंच्या चरित्रांत धावा असतात, बळी असतात, दौरे असतात, चषक असतात. भर दुपारी पांढरे कपडे घालून तीन दिवस मैदानात उभे राहायची फुरसत त्या माणसाला कुठून मिळाली, हे मात्र क्वचितच असते. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत तो प्रश्न उरत नाही, त्याचा खेळ हीच त्याची रोजी. खरा प्रश्न हौशी खेळाडूचा. तो खेळातून काही कमावत नाही, याचा अर्थ त्याच्यासाठी दुसरीकडे कोणीतरी कमावते आहे. ते कोण, कुठे आणि किती जोखीम घेऊन, हे कळल्याशिवाय हौशी खेळाडूचे चरित्र पुरे होत नाही. हे तपासायला सर दोराबजी टाटांसारखे उदाहरण शोधून सापडायचे नाही.

दोराबजींचे नाव घेतले की आपल्यासमोर जमशेदपूरचा पोलाद कारखाना उभा राहतो. पण त्याआधीचे दोराबजी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले एक अस्सल हौशी क्रिकेटपटू होते. जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. मुंबईत शाळा झाल्यावर १८७५ च्या सुमारास ते इंग्लंडला गेले, केंटमध्ये खासगी शिकवणीत तयार झाले आणि १८७७ मध्ये केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षांत त्यांनी पुस्तकांपेक्षा मैदानावर अधिक नाव काढले. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत कॉलेजचा मान मिळवला, टेनिस खेळले, नौकानयनात रमले, धावण्याच्या शर्यती जिंकल्या, घोड्यावर उत्तम बसत. १८७९ मध्ये परतून सेंट झेवियर्समधून १८८२ साली पदवी घेतली, दोनेक वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये बातमीदारी केली आणि १८८४ मध्ये वडिलांच्या पेढीच्या कापूस विभागात रुजू झाले. वडिलांनी आधी पाँडिचेरीला गिरणी चालेल का हे बघायला पाठवले, मग नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये कापसाचा धंदा शिकायला.

या चरित्रात ‘कापूस’ हा शब्द पंचविशीत आल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो दोराबजींच्या पाळण्यापासून होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतली बंदरे बंद पडली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना उपाशी राहू लागल्या. मुंबईत कापसाचे भाव असे भडकले की प्रेमचंद रायचंदांसारखे दलाल रातोरात शहराचे भाग्यविधाते झाले, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर हातोहात खपू लागले. टाटांची पेढीही त्या लाटेवर होती. कापसाच्या व्यवहारासाठी तरुण जमशेटजी लंडनला गेले आणि तिथेच असताना १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, हातातल्या हुंड्या कागदाच्या चिठोऱ्या झाल्या. पेढी बुडता बुडता वाचली. पुढे अबिसीनियाच्या मोहिमेतल्या रसदीच्या कंत्राटाने तिला उभारी दिली, १८६९ मध्ये चिंचपोकळीची बंद तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि ती नफ्यात विकली. त्यानंतर १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर नागपूरच्या गिरणीची कंपनी निघाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच वर्षी दोराबजी केंब्रिजच्या मैदानावर उतरले.

मुंबईत गिरण्या असताना नागपूर का? कारण जमशेटजींनी उलटा विचार केला. कापूस शेकडो मैल वाहून मुंबईला आणायचा, तिथे सूत काढायचे आणि कापड पुन्हा आत पाठवायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? जिथे काळी जमीन आहे तिथेच गिरणी हवी. कापूस जवळ, कोळसा जवळ आणि १८६७ पासून नागपूरला पोचलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा लोहमार्ग दाराशी. नागपूरच्या एका सावकाराने या उद्योगाला पैसा द्यायला नकार दिला होता आणि पुढे गिरणीचा नफा पाहून जमशेटजींनी जमिनीत माती घालून सोने काढले असे कबूल केले, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा रचलेली, तिच्यात एक गफलत आहे. सोने गिरणीच्या जमिनीतून निघत नव्हते. ते निघत होते वऱ्हाड-नागपूरच्या शिवारांतून.

त्या शिवारात काय चालत होते? मृगाच्या पावसावर सरकी टोचायची, दोन-तीन वेळा डवरायची, निंदायची. दसऱ्याच्या आसपास बोंडे फुटू लागली की बायकांची वेचणी सुरू. सकाळी दंव असताना वेचलेला कापूस ओला आणि वजनदार, उन्हात वेचलेला कोरडा. काट्यावर त्याचा फरक पडे आणि त्यावरून अडत्याशी वाद होई. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोकदार असतात, ओट्यात कापूस भरता भरता बोटे सोलून निघतात. पूर्वी घरोघरी चरकीवर सरकी काढत, पुढे वाफेवर चालणाऱ्या जिनिंग आल्या. रुई वेगळी, सरकी वेगळी, मग दाबून गाठ बांधायची. वाशिमला तेव्हा रेल्वे नव्हती. मुख्य लोहमार्ग वर अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून गेला, त्यामुळे वाशिम-रिसोडकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून अकोल्याकडे जाई. त्याही आधी, रेल्वे येण्यापूर्वी, वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जात असे आणि अशा मालवाहतुकीत बंजाऱ्यांचे तांडे मोठे होते. पोहरादेवी ज्यांचे श्रद्धास्थान आहे त्या समाजाचा हा पिढीजात धंदा रेल्वेने हिरावून घेतला. मुंबईत नवी श्रीमंती आली त्याच वर्षांत मानोऱ्याच्या बाजूला एक अख्खा समाज बेरोजगार होत होता, हेही त्याच खातेवहीतले पान आहे.

इथे कोणी आक्षेप घेईल आणि तो योग्यच असेल. दोराबजींच्या केंब्रिजच्या फीमधला नेमका रुपया आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या शेतकऱ्याच्या कापसातून आला, असे कसे म्हणता? तेव्हा एम्प्रेस मिल नुकती सुरू होत होती. घरात पैसा आला तो फौजेच्या कंत्राटातून आणि मुंबईच्या गिरणीच्या विक्रीतून. शिवाय टाटांनी धोका पत्करला, नवी यंत्रे आणली, अक्कल वापरली. व्यापाऱ्याच्या कष्टाला काही मोल नाही का?

मोल आहेच, आणि रुपयामागे रुपया लावून दाखवता येत नाही हेही मान्य. पण मी चोरीचा आरोप करत नाही. मी जोखमीच्या वाटणीबद्दल बोलतो आहे. १८६५ च्या घसरणीचे उदाहरण घ्या. तो फटका मुंबईच्या पेढ्यांना बसला तसा वऱ्हाडच्या कास्तकारालाही बसला. पेढीकडे दुसरा डाव होता: पत होती, ओळखी होत्या, कंत्राट मिळवण्याची ताकद होती, तीन-चार वर्षांत ती पुन्हा उभी राहिली. कास्तकाराकडे दुसरा डाव म्हणजे सावकार. भाव चढे असताना त्याने ज्वारीचे रान कपाशीखाली आणले होते, सारा रोखीने भरायचा होता, भाव पडल्यावर जमीन गहाण पडली. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हाही मुंबईकडे गाठी जाणे थांबले नव्हते. पोटाचे पीक सोडून बाजाराचे पीक घेतले की भाव आणि पाऊस दोन्ही एकदम फिरल्यावर काय होते, ते या दुष्काळांनी दाखवले. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण मुलखाच्या सुबत्तेसाठी वापरतो. सोने एकाच्या घरी आणि कुऱ्हाड दुसऱ्याच्या पायावर, असा तिचा अर्थ त्या चाळीस वर्षांनी लावला.

एम्प्रेस मिलने कामगारांसाठी जे केले ते त्या काळाच्या पुढचे होते. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, या गोष्टी कायदा येण्याच्या कितीतरी आधी तिथे झाल्या. जमशेटजींच्या दूरदृष्टीचे कौतुक करताना आपण हे आवर्जून सांगतो, सांगायलाच हवे. पण गिरणीची माया फाटकाच्या आतपर्यंत होती. फाटकाबाहेर, ज्याच्या कापसावर ती चाले, त्याच्यासाठी ना निधी होता ना भरपाई. त्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर नव्हते. बाजारात माल टाकला आणि पावती घेतली की त्याचा संबंध संपला. पुरवठादाराविषयीची ही अलिप्तता टाटांची एकट्याची नव्हती, ती सगळ्या व्यापाराची रीत होती आणि आजही आहे.

आता मैदानाकडे येऊ. दोराबजींच्या पारशी समाजाच्या क्रिकेटची कथा आपण अभिमानाने सांगतो. १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. १८८१ च्या सुमारास एस्प्लनेडवर गोरे साहेब पोलो खेळून खेळपट्टी उखडत, तेव्हा शापूरजी सोराबजी आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले. १८८५ मध्ये पारशी जिमखाना उभा राहिला, जमशेटजी टाटा त्याच्या कारभारात अग्रभागी होते. १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडला गेले, पहिल्या दौऱ्यात एकच सामना जिंकले, दुसऱ्यात आठ. जानेवारी १८९० मध्ये मुंबईत व्हर्ननच्या इंग्रज संघाला त्यांनी हरवले. राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात हरवण्यातला स्वाभिमान खोटा नव्हता, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हा स्वाभिमान महाग होता. जहाजाचे तिकीट, महिनोन्‌महिने धंद्यातून रजा, जिमखान्याची वर्गणी, हे ज्याला परवडे त्यालाच तो मिरवता येई.

ज्याला परवडत नव्हते त्याचे काय झाले, ते पालवणकर बाळूंच्या आयुष्यात दिसते. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखी आणि जे. जी. ग्रेगसारख्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. त्याच सरावाने तो देशातला सर्वोत्तम गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाने गुण पाहून त्याला घेतले, पण चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यात दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. दोराबजी आणि बाळू या दोघांच्या हातांत चेंडू तोच होता. एकाने तो हौसेखातर घेतला म्हणून तो सद्‌गृहस्थ, दुसऱ्याने पगारासाठी घेतला म्हणून तो नोकर. इंग्लंडमध्ये तर ही दरी नियमात बांधलेली होती. हौशी आणि व्यावसायिक खेळाडू वेगळ्या दारांनी मैदानात उतरत, धावफलकावर त्यांची नावेही वेगळ्या रीतीने लिहीत, आणि ही विभागणी १९६२ मध्ये रद्द झाली. खेळाच्या शुद्धतेच्या नावाखाली मजुराला बाहेर ठेवायचे, हेच त्या नियमाचे खरे काम होते.

अशा चौकटीत वाढलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला, पुढे ‘सर’ झालेला माणूस आयुष्यभर जिमखान्यातल्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत राहिला असता तरी कोणी दोष दिला नसता. दोराबजींनी तसे केले नाही, म्हणून त्यांचे नाव या लेखात आहे.

१९१९ साल. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या आणि दोराबजी अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले होते. ना बूट, ना शास्त्रशुद्ध तयारी, ना धावपट्टी. तापलेल्या कठीण रस्त्यावर अनवाणी पायांनी ते धावले. दोराबजी स्वतः कधीकाळी शर्यती जिंकलेले, त्यांनी वेळ पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आले की हे पोरगे युरोपातल्या धावपटूंपासून फार दूर नाहीत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने त्यांनी हालचाल केली, स्वतःच्या खिशात हात घातला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा हिंदुस्थानी चमू गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते, साताऱ्याचे सदाशिव दातार होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल होते. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शिंदेंचे पदक थोडक्यात हुकले, ते चौथे आले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना झाली तेव्हा दोराबजीच तिचे पहिले अध्यक्ष होते.

या घटनेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, क्रिकेट खेळून मोठा झालेल्या या माणसाने पैसा क्रिकेटवर उधळला नाही. जे खेळ गरिबाच्या अंगात होते त्यांवर लावला. धावायला पाय लागतात आणि कुस्तीला माती, दोन्हींना जिमखान्याचे सभासदत्व लागत नाही. दुसरी, ते अनवाणी धावपटू ज्या वर्गातले होते त्याच वर्गाच्या घामावर कापडगिरण्यांची श्रीमंती उभी होती. दोराबजींनी हे मनात जोडले होते की नाही, त्याला महत्त्व नाही. उसनी मिळालेली फुरसत थोडीफार का होईना मूळ धन्याकडे परतली. १९२४ मध्ये पोलाद कारखाना बुडू लागला तेव्हा त्यांनी पत्नी मेहेरबाईंच्या प्रसिद्ध ज्युबिली हिऱ्यासह आपली खासगी मालमत्ता तारण ठेवली, आणि १९३२ मध्ये मृत्यूपूर्वी जवळजवळ सारी संपत्ती न्यासाला दिली. या माणसाला कर्जाची जाण होती.

तरीही दोराबजींचा गौरव करून थांबणे हा पळपुटेपणा ठरेल. एका दिलदार श्रीमंताची नजर योग्य वेळी योग्य शर्यतीवर पडली म्हणून सहा जण बोटीवर चढले. तो त्या दिवशी पुण्याला नसता तर? देशाच्या खेळाने अशा योगायोगावर विसंबायचे का? याचे उत्तर पुढे १९५२ मध्ये मिळाले. मल्ल खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे होते, तेव्हा गावोगाव वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका शिक्षकाच्या गहाण घरावर आले, हे आपण कौतुकाने सांगतो. वास्तविक ते लाजेने सांगायला हवे. बत्तीस वर्षांत देणाऱ्याचा खिसा बदलला, व्यवस्था उभी राहिली नाही.

विदर्भात सगळे मुकाट्याने बसले होते असे नाही. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. कोणा गिरणीमालकाची वाट न पाहता एखादे गाव काय करू शकते, याचा तो नमुना. पण अमरावती हे शहर होते, बाजारपेठ होते, तिथे वकील-डॉक्टरांचा वर्ग होता. वाशिम, मंगरूळपीर, मालेगाव इथे तेवढा आधार नव्हता.

आणि जो पैसा या भागातून जात होता, तो जाण्याची सोय मात्र चोख होती. कारंज्याचा कापूस लवकर बंदरावर पोचावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळकडे अडीच फुटी रुळांची आगगाडी निघाली. किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज पेढीच्या छत्राखालची ती खासगी कंपनी. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होते. स्वातंत्र्यानंतर कितीतरी दशके ती मार्गाच्या मालकीने खासगीच राहिली, अखेर बंद पडली. या गाडीने कारंज्यातून गाठी नेल्या. उलट दिशेने तिने काय आणले, याचा विचार एकदा करून पाहावा.

आजच्या वाशिमला या. कपाशीची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली आहे. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते. वाशिम त्यांपैकी एक. रब्बी निघाली की मोकळ्या वावरात टेनिस चेंडूच्या स्पर्धा लागतात. पाल ठोकायचे, ध्वनिक्षेपक लावायचा, कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे निमित्त काढायचे, रोख बक्षीस जाहीर करायचे. शेतात राबून घट्ट झालेल्या मनगटांची पोरे असे काही फटके मारतात की बघत राहावे. पण त्यांतल्या बहुतेकांच्या हातात लेदरचा चेंडू कधी आलेला नसतो. टर्फ खेळपट्टी, पॅड-हेल्मेट, निवड चाचणीसाठी नागपूरचे भाडे आणि तिथे राहण्याचा खर्च, इथे खेळ अडतो. विदर्भाने २०१८, २०१९ आणि २०२५ मध्ये रणजी करंडक जिंकला ही आनंदाचीच गोष्ट. त्या यशाच्या सावलीत तालुक्याच्या गावातला पोरगा अजून आपल्या बापाकडे बॅटचे पैसे मागायला कचरतो, हेही तितकेच खरे.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनी खेळाडू व्हायची काय गरज? आधी सिंचन, आधी दवाखाने, मग खेळ. हा क्रम ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण तो आपण नेहमी गरीब जिल्ह्यांनाच सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत रोगराईही होती, झोपडवस्तीही होती, तरी समुद्रकाठी जिमखान्यांना जागा मिळाल्याच. खेळ ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, असे मानले की ती चैन ज्यांची पोटे आधीच भरली आहेत त्यांच्याच वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या राहते.

योगायोगाने आता यासाठी कायद्याचा आधार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे आहे. दोराबजींनी जे मर्जीने केले ते आता कर्तव्यात आले. मात्र याच कायद्यात एक वाक्य असे आहे की कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. कामकाजाचा भाग म्हणजे कारखाना आणि कचेरी असे धरले जाते. वाशिमचे सोयाबीन तेल होऊन दुसरीकडे विकले जाते, कापूस सूत होऊन तिसरीकडे जातो, मग कंपनीच्या ‘आसपास’ वाशिम कधी येणार? एम्प्रेस मिलची माया फाटकाशी थांबली होती तसेच हे झाले. फाटक तेवढे कायद्याच्या भाषेत आले.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या जिल्ह्यातून कच्चा माल जातो तो जिल्हा कंपनीच्या ‘आसपास’ मानला गेला पाहिजे. कापड, सूत, खाद्यतेल, पेंड यांवर मोठ्या झालेल्या कंपन्यांनी आपण कोणत्या तालुक्यांतून किती माल घेतो हे जाहीर करावे आणि सामाजिक खर्चाचा काही हिस्सा त्या प्रमाणात तिकडे वळवावा. तोवर जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी, तेलगिरणीवाल्यांनी आणि बाजार समित्यांनी वाट पाहू नये. तालुक्याला एक टर्फ खेळपट्टी, एक धावपट्टी, कुस्तीची एक मॅट आणि निवड चाचणीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी प्रवासभाड्याचा एक निधी, एवढे एका हंगामाच्या उलाढालीच्या मानाने किरकोळ आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या चषकांवर जे उडते, त्यातही यातले बरेच भागेल.

दोराबजी टाटा हे थोर उद्योगपती होते, चांगले खेळाडू होते आणि त्यांनी आपल्या हौसेचे कर्ज काही अंशी फेडले. उरलेले कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर नाही. ते वऱ्हाडच्या मालावर मोठा झालेल्या प्रत्येक धंद्याच्या नावावर आहे आणि त्याची वसुली दानाच्या भाषेत नाही, हक्काच्या भाषेत व्हायला हवी. पुढच्या आमसभेत, बाजार समितीच्या बैठकीत, जिल्हा नियोजनाच्या चर्चेत हा प्रश्न वाशिमकरांनी स्वतःच विचारावा. दुसरे कोणी तो विचारणार नाही.